एल ओकोतेची नापास भिंत

चर्चच्या तळघरात, रविवारची प्रार्थना आटोपल्यावर, हातात कॉफीचा कप असताना माणसाने मत देऊ नये. मी आयुष्यात एकदाच दिलं. होंडुरासमधल्या एल ओकोते नावाच्या खेड्यात जाऊन तिथल्या शाळेला कुंपणाची भिंत बांधून द्यायची, अशी चर्चा सेवा समितीत चालली होती. मी बिस्किटाला हात घालता घालता एवढंच म्हणालो, "बांधायचीच तर सरळ तरी बांधा."

आमच्या पास्टर सिग्नेबाईंनी कप खाली ठेवला आणि त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की माझ्या मागे कोणी देवदूत उभा आहे की काय म्हणून मी वळून पाहिलं. मागे कोटांची खुंटी होती.

"ऑर्लिन," त्या म्हणाल्या, "आम्ही तीन महिने म्होरक्या शोधतोय, आणि तुम्ही इथेच बिस्किटं खात बसला होतात!"

भिंतच का, असं कोणी विचारेल. आम्ही पद्धतशीर विचारलं होतं. तुम्हाला काय हवं, असं पत्र एल ओकोतेला गेलं. उत्तर आलं, पाणी. समितीच्या तीन बैठका झाल्या. पाण्याला परवाना लागतो, परवान्याला वेळ लागतो, आणि आमच्याकडे रविवार ते शनिवार एवढाच अवकाश. म्हणून पुन्हा विचारलं, पाण्याखेरीज काय हवं? उत्तर आलं, तुमची इच्छा. आणखी चार बैठकांनंतर आमची इच्छा भिंत निघाली.

माझी निवड अगदीच वाऱ्यावर झाली नव्हती. मी सत्तावीस वर्षं आमच्या जिल्ह्याचा बांधकाम तपासनीस होतो. आयोवातल्या आमच्या वॉलनट फॉर्क गावातली एकही ओसरी, एकही गॅरेज माझ्या सहीवाचून उभं राहिलेलं नाही. काही तर माझ्या सहीमुळे उभीच राहिली नाहीत. फक्त एक बारीकशी गोष्ट मी समितीला सांगितली नाही. मी स्वतः आयुष्यात एक वीटही रचलेली नव्हती. कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, हे मी नोकरीत पहिल्याच वर्षी शिकलो होतो.

माझ्या बायकोला, मार्लिसला, हे अर्थातच माहीत होतं. "आपल्या न्हाणीघरातला तो खडखडणारा नळ किती वर्षं खडखडतोय?" तिने विचारलं.

"तपासणी आणि दुरुस्ती ही दोन वेगळी खाती आहेत," मी म्हणालो.

मग सगळ्या गल्लीला माझी काळजी वाटायला लागली. शेजारच्या डुएन क्लोस्टरमनने तर कुंपणावर कोपरं टेकून मुक्कामच ठोकला. डुएनने चाळीस वर्षं मक्याचं बियाणं विकलं, आणि तो आयोवाच्या दक्षिणेला एकदाच, मिझुरीपर्यंत, गेला होता. "पाणी उकळून पी. बर्फ घेऊ नकोस. फळ सोलून खा. आणि कुत्र्याच्या डोळ्यात बघायचं नाही," तो म्हणाला. कुत्र्याचं त्याला कोणी सांगितलं ते कळलं नाही. शेवटी सल्ले इतके साचले, की ते पाळले जातात की नाही हे बघायला डुएन स्वतःच यायला निघाला.

पासपोर्टच्या फोटोने माझा पहिला अपमान केला. तो तीनदा परत आला. पहिल्यांदा चष्म्याची तिरीप, दुसऱ्यांदा चेहरा एका बाजूला कललेला, तिसऱ्यांदा कानांची सावली भिंतीवर. खिडकीतली मुलगी हसून म्हणाली, "नियम आहे, काका. मी काय करणार?" हे वाक्य मी सत्तावीस वर्षं इतरांना ऐकवत आलो होतो. समोरून ऐकताना ते इतकं कडवट लागतं, याची मला कल्पना नव्हती.

चर्चच्या महिला मंडळाने एल ओकोतेच्या लेकरांसाठी लोकरीच्या टोप्या विणल्या होत्या. शहाऐंशी. त्या माझ्या बॅगेत गेल्या, आणि टोप्यांच्या मऊ गादीवर मी माझी अॅल्युमिनियमची चार फुटी लेव्हलपट्टी झोपवली. तिकडच्या विमानतळावर जकातीच्या साहेबाने बॅग उघडून एकेक टोपी टेबलावर मांडायला सुरुवात केली.

"तुम्हाला डोकी किती?" त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"एकच," मी म्हणालो.

मागून पास्टरबाई हळूच म्हणाल्या, "ऑर्लिन, कृपा करून तुम्ही उत्तरं देऊ नका."

तासाभराने टोप्या सुटल्या. लेव्हलपट्टी मात्र नाही. आत द्रव असलेली, दोन्हीकडून बंद नळी कशासाठी, हे आम्हाला हातवाऱ्यांनी पटवता आलं नाही. मी बुडबुडा मधोमध आणून दाखवला, तेव्हा तर तो साहेब दोन पावलं मागेच सरकला.

असे आम्ही अकरा जण रविवारी संध्याकाळी एल ओकोतेला पोचलो. शाळेच्या मास्तरीणबाई नोएमी इंग्रजी जाणणाऱ्या. तिशीच्या, चटपटीत, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्यावरून नजर न हटवणाऱ्या. त्यांनी मला गावासमोर उभं केलं आणि माझं नाव सांगितलं, तर सगळा गाव हसायला लागला. आयोवात मला दुसरा ऑर्लिन भेटलेला नाही. एल ओकोतेत चार निघाले. न्हावी ओरलीन, लंगडा ओरलीन, जुळ्यांपैकी एक ओरलीन, आणि पोलिसांना हवा असलेला एक, त्याच्याबद्दल कोणी फार बोललं नाही. मला तिथल्या तिथे नाव मिळालं, जाडा ओरलीन.

शाळेच्या पडवीत पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपांची छातीभर उंच रास पडली होती. आत कोंबड्यांनी अंडी घातली होती. हे काय, म्हणून मी विचारलं, तर पाणी समितीच्या अध्यक्षा एर्लिंदाबाई म्हणाल्या, "पाणी." साठीच्या, ठेंगण्या, कमरेला फडकं खोचलेलं, आवाज मात्र डोंगरापलीकडे जाणारा. नोएमीबाईंनी उलगडून सांगितलं. वरच्या झऱ्यावर टाकी बांधून तयार, चरही खणलेला, पाइप दोन वर्षांपूर्वीच आलेले. पण वाटेत नगरपालिकेचा रस्ता आडवा येतो. परवानगीशिवाय तो खोदला तर नगरपालिका पाइप उपटून नेणार. परवानगी अडकलेली. तोवर बायका दिवसातून तीनदा डोक्यावर घडे घेऊन ओढ्यावर जातात.

"अरेरे," मी म्हणालो, आणि भिंतीची जागा बघायला गेलो. आज आठवलं की कान तापतात.

सोमवारी काम सुरू झालं. गावचा गवंडी चेपे मिस्त्री, वाळलेल्या शेंगेसारखा माणूस, सकाळपासून झाडाखाली बसून आमच्याकडे बघत होता. मग उठला आणि त्याने माझ्यापुढे आपला ओळंबा धरला. दोरी आणि तिला बांधलेला शिशाचा गोळा.

"नको, नको," मी उदारपणे म्हणालो. "माझी नजर सत्तावीस वर्षांची आहे."

नोएमीबाईंनी सांगितलं. चेपे काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, त्यांचा ओळंबा आजोबांचा आहे. पण साहेब म्हणतील तसं."

दोन दिवस आम्ही राबलो. डुएन माल कालवायचा. तो घमेल्यात पाणी आधी आणि सिमेंट नंतर टाकायचा आणि वर मलाच विचारायचा, "असं का होतंय रे?" पास्टरबाई सिमेंटचे ठोकळे वाहायच्या. मी थापी चालवायचो. हळूहळू माझ्या हाताला लय सापडली. मी चक्क शीळ घालायला लागलो. मंगळवारी दुपारी भिंत माझ्या खांद्याला लागली, आणि मी मागे सरून तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदा बाप झालेला माणूस पाळण्याकडे बघतो, तसं.

तेवढ्यात चेपे मिस्त्री आला. त्याने वरच्या ठोकळ्यावरून ओळंबा सोडला. गोळा खाली गेला, डुलला, थांबला. दोरी आणि भिंत यांच्यामध्ये वर बोट शिरत नव्हतं. खाली माझा बूट शिरला असता. चेपेने फक्त लांब शीळ घातली. ती शीळ वरून खाली उतरत गेली, आणि शेवटी तिने जे वळण घेतलं ते मला अजून ऐकू येतं.

"जाड्या ओरलीनची भिंत प्रार्थनेला वाकलीय!" कोणीतरी ओरडलं. त्या क्षणापासून मी जाडा ओरलीन राहिलो नाही. वाकडा ओरलीन झालो.

"थोडी कललीय, एवढंच," डुएन म्हणाला. "डोंगरच तिरका आहे."

"फोटो जरा बाजूने काढू," पास्टरबाई म्हणाल्या. त्यांना पुढच्या रविवारी चर्चमध्ये चित्रं दाखवायची होती.

मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण भिंतीपलीकडे पोरं खेळत होती. वॉलनट फॉर्कमध्ये मी यापेक्षा निम्म्या कलाला लोकांची गॅरेजं पाडायला लावली होती. माझ्या शर्टाच्या खिशात सवयीने एक लाल पेन्सिल असतेच. मी पुढे झालो आणि भिंतीवर मोठी फुली मारली.

"नापास," मी म्हणालो.

"अरे, पण कोणाची?" डुएन किंचाळला. "आपलीच ना!"

"तपासणीत नाती बघत नाहीत," मी म्हणालो. मग मी पहार उचलली आणि वरचा ठोकळा पाडला. कोणी मदतीला आलं नाही. सगळे बाजूला उभे राहून बघत होते. तिसऱ्या थराला चेपे मिस्त्रीने दुसरी पहार आणली आणि तो माझ्या शेजारी येऊन पाडायला लागला. पुढे कधीतरी त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. इतकी जोरात, की मी खाली बसलो.

बुधवारी सकाळी चेपे आणि गावातल्या चौघांनी तीच भिंत नव्याने घ्यायला सुरुवात केली आणि जेवणाआधी कमरेपर्यंत आणली. आम्हा अकरांना ठोकळे पुरवायचं काम मिळालं. त्यातही मी वाटेत येतो असं ठरलं, आणि मला झाडाखाली बसवण्यात आलं, चेपे बसायचा त्याच जागी. मी तिथे बसून माझ्या हातांकडे बघत होतो. फोड आले होते आणि त्यांचा काही उपयोग नव्हता.

एर्लिंदाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. मागे नोएमीबाई.

"काल तुम्ही स्वतःच्या भिंतीला नाही म्हणालात," एर्लिंदाबाई म्हणाल्या. "तिकडे तुमचं कामच ते होतं म्हणे. लोकांचे कागद बघायचे आणि नाही म्हणायचं?"

"अगदी तसंच नाही..." मी सुरुवात केली.

"हो की नाही ते सांगा."

"हो."

"मग शर्ट बदला. नगरपालिकेत जायचंय."

सांता रोमेलियाची नगरपालिका तासाभरावर. कचेरीतल्या टेबलामागे बाउदिलियो नावाचे गृहस्थ होते. टाय, तेल लावलेले केस, आणि टेबलावर चार शिक्के एका ओळीत. मी त्यांना बघितलं आणि लगेच ओळखलं. तो पेनाचं टोपण काढून परत लावणं, तो फाइल उघडण्याआधी घड्याळाकडे बघणं, तो "हं" म्हणून काहीच न बोलणं! परक्या मुलुखात अचानक सख्खा भाऊ भेटावा तसं झालं मला. फक्त मी टेबलाच्या चुकीच्या बाजूला होतो.

"बाई, मागच्या वेळी सांगितलं ना," बाउदिलियो म्हणाले, "जागेच्या कागदावर गावाचं नाव 'एल ओकोते' आहे. समितीच्या नोंदणीवर नुसतं 'ओकोते'. दोन गावं वेगळी असू शकतात."

"आहेत का वेगळी?" एर्लिंदाबाई म्हणाल्या. "मी एकोणीस वेळा आलेय. दर वेळी कुठल्या गावाहून आले असेन?"

"मला माहीत असून काय उपयोग? कागदाला माहीत पाहिजे."

एका 'एल'साठी दोन वर्षं पाणी अडलं होतं. तुम्हाला चीड आली असेल. मला घाम फुटला. कारण त्यांच्या जागी मी असतो, तर मीही तेच म्हणालो असतो, आणि रात्री शांत झोपलो असतो. मी नोएमीबाईंकडे वळलो आणि जे बोललो ते माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण होतं. मी सांगितलं, की आम्ही कारकून दुष्ट नसतो. चूक होईल याचीही आम्हाला भीती नसते. उद्या कोणीतरी वरून येईल, कागदावर बोट ठेवेल, आणि 'यावर कोणी सही केली' म्हणून विचारेल, याची भीती असते. तेव्हा साहेबांना विचारा, असा कोणता कागद आहे, की तो समोर असला तर त्यांच्यावर कोणालाही बोट ठेवता येणार नाही? तो आपण मिळवू. तीन मिनिटं तरी बोललो मी.

नोएमीबाई बाउदिलियोंकडे वळल्या आणि तीन शब्द बोलल्या. तीन.

त्यावर एर्लिंदाबाईंनी स्वतःचं काहीतरी लांबलचक जोडलं, माझ्याकडे दोनदा बोट दाखवून, आणि कोपऱ्यातली एक खुर्ची ओढून मला तिच्यात दाबून बसवलं.

बाउदिलियो खूप वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी शक्य तितका समजूतदार चेहरा करून बसलो. त्यांनी टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग उठून आतल्या खोलीत गेले. टाइप केल्याचा आवाज आला. ते एक कागद घेऊन बाहेर आले. दोन्ही नावं एकाच गावाची आहेत, असा दाखला. तो द्यायचा अधिकार त्यांचाच होता. त्यांनी स्वतःच्या नावे अर्ज लिहिला, स्वतः स्वीकारला, स्वतः मंजूर केला, आणि मग त्या दाखल्यावर आणि रस्ता खोदायच्या परवानगीवर चारही शिक्के एकामागून एक हाणले. एर्लिंदाबाईंनी परवानगीचा कागद छातीशी धरला.

परतीच्या गाडीत मी मोठेपणा बाजूला ठेवून म्हणालो, "माझं भाषण तुम्ही फारच आटवलंत."

"गाभा तोच होता," नोएमीबाई म्हणाल्या. "मी विचारलं, तुम्ही कशाला घाबरता?"

"आणि एर्लिंदाबाई काय म्हणाल्या?"

नोएमीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणाल्या, हा वाकडा ओरलीन. याला गावात काही काम जमत नाही. शनिवारी याचं विमान आहे. तोवर मी याला रोज सकाळी इथे आणून बसवणार."

एर्लिंदाबाई मागच्या बाकावरून म्हणाल्या, "खोटं काय बोलले?"

गुरुवारी कोंबड्यांना पाइपांतून हुसकण्यात आलं. अंड्यांचा नाश्ता झाला. मग सगळा गाव आणि आम्ही अकरा पाइप खांद्यावर घेऊन डोंगर चढलो. पाइप वाहायला नजर लागत नाही, अनुभव लागत नाही. नुसता खांदा लागतो. डुएन पाइपाच्या पुढच्या टोकाला, मी मागच्या. तो दर वीस पावलांना ओरडायचा, "ऑर्लिन, हळू!" आणि मी दर वीस पावलांना म्हणायचो, "तू थांबलायस, मी नाही." वर गार वारा होता, आणि पोरं शहाऐंशी टोप्या घालून चरात उड्या मारत होती. न्हावी ओरलीन सांधे चिकटवत होता, लंगडा ओरलीन खाली बसून माती लोटत होता. रस्त्याचा तुकडा खणताना एर्लिंदाबाई मंजुरीचा कागद उंच धरून मधोमध उभ्या होत्या. एकही गाडी आली नाही, पण त्या तासभर तशाच उभ्या.

शुक्रवारी दुपारी शेवटचा सांधा बसायच्या सुमारास रस्त्यावर मोटारसायकल वाजली. बाउदिलियो! तोच टाय, काखेत फाइल. सगळ्यांचे हात थांबले. चेपे मिस्त्री उठून चराच्या तोंडाशी उभा राहिला. एर्लिंदाबाईंचा चेहरा उतरला.

"एक सही राहिली," बाउदिलियो म्हणाले.

"कोणाची?"

"तुमचीच. पोच म्हणून." त्यांनी कागद पुढे केला. एर्लिंदाबाईंनी तो तीनदा वाचून घेतला आणि मग सही केली. काम झालं, पण बाउदिलियो गेले नाहीत. मोटारसायकलजवळ उभे राहून पाइपाकडे बघत राहिले. मग माझ्याजवळ आले आणि नोएमीबाईंमार्फत म्हणाले, "सोळा वर्षं शिक्का मारतोय. त्यानंतर काय होतं ते कधी बघितलं नव्हतं. तुम्ही बघता का?"

"मी काम अर्धवट असतानाच जायचो," मी म्हणालो. "पुरं झालं की तपासनिसाला कोण बोलावतंय?"

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, माझं भाषण अखेर पोचलं. म्हणून विचारलं, "त्या दिवशी तुम्ही सही का केलीत?"

"बाईंनी तुम्हाला खरंच रोज आणलं असतं," ते म्हणाले.

शाळेच्या अंगणात, नव्या सरळ भिंतीशी, नळाचा खांब उभा होता. सगळा गाव बादल्या, घडे, डबे घेऊन जमला. वर टाकीपाशी कोणीतरी झडप उघडली आणि हाक दिली. पाणी पोचायला वेळ लागणार होता, तेव्हा पास्टरबाईंनी मला पुढे ढकललं. "दोन शब्द बोला, ऑर्लिन."

मी खिशातून कागद काढला. गुरुवारी वर दम खाताना मी सात मुद्दे लिहून ठेवले होते. नम्रतेवर दोन, सहकार्यावर तीन, आणि शेवटी आयोवा आणि एल ओकोते यांच्यातल्या अतूट नात्यावर दोन. घसा साफ केला. "बंधूंनो आणि भगिनींनो," मी म्हणालो, "मी जेव्हा प्रथम या गावात पाऊल ठेवलं..."

नळ खोकला. सगळ्या माना तिकडे वळल्या. मी आवाज चढवला. नळातून नुसती हवा आली, शिट्टीसारखी, मग एक चिखलाची पिचकारी उडून बाउदिलियोंच्या टायवर गेली. ते जागचे हलले नाहीत, उलट मोठ्याने हसले. मग पुन्हा खोकला, मग एक घर्रघर्र, आणि पाणी आलं. तांबूस, गढूळ, मनगटाएवढं जाड. बायकांनी जो काही गलका केला त्यात माझा पहिला मुद्दा गेला, दुसरा गेला, अतूट नातंही गेलं. पास्टरबाई रडत होत्या. डुएन, जो पाणी उकळून प्यायला सांगत होता, तो तोंड धूत होता.

मी कागद हातात घेऊन उभा होतो. कोणीतरी थांबेल, मग पुढचं बोलू, असं वाटत होतं.

"वाकड्या ओरलीनभाऊ!" एर्लिंदाबाई नळापाशी ओणव्या होत ओरडल्या, आणि हे एवढं मला नोएमीबाईंशिवायही कळलं. त्यांनी पत्र्याची बादली माझ्या पोटात खुपसली. "बघताय काय? धरा!"

कागद खिशात कोंबून मी बादली नळाखाली धरली. ती भरली तशी जड झाली. मी ती मागच्या बाईकडे दिली आणि दुसरी घेतली.